धर्माचा रकाना आणि वर्धा जिल्हा



आजच्या विषयाचे नाव जरा जड आहे: धार्मिक विविधता आणि तिच्यातले प्रादेशिक बदल. सोप्या भाषेत प्रश्न असा, की एखाद्या जिल्ह्यात कोणकोणत्या धर्मांचे लोक राहतात, ते प्रमाण काळाबरोबर कसे बदलते, आणि एका भागात विविधता जास्त दिसते तर दुसऱ्या भागात कमी, हे कशामुळे होते. हल्ली या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात द्यायची पद्धत पडली आहे. त्या आकड्याला 'धार्मिक विविधता निर्देशांक' म्हणतात. आम्हाला आज त्या आकड्याचीच परीक्षा घ्यायची आहे. परीक्षेला जिल्हा घेतलाय तो आपलाच, वर्धा.

आधी हा निर्देशांक काय मोजतो ते बघू. गणित अवघड नाही. वर्ध्याच्या बसस्थानकावर डोळे मिटून कुठल्याही दोन माणसांचे हात धरा. ती दोघे वेगवेगळ्या धर्मांची निघतील याची शक्यता किती? शंभरातली जी शक्यता निघेल, तो निर्देशांक. गावात सगळेच एका धर्माचे असतील तर शून्य. जितके धर्म जास्त आणि जितके त्यांचे वाटे सारखे, तितका आकडा मोठा. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१४ साली जगातल्या देशांची अशीच यादी केली. लोकांचे आठ गट पाडले, शून्य ते दहा गुण दिले. त्यात सिंगापूर पहिले आले. एक लक्षात ठेवा, त्या आठ गटांत सगळे ख्रिस्ती एक, सगळे मुसलमान एक, सगळे हिंदू एक.

आता वर्धा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या थोडी वर होती. ढोबळ मानाने शंभरात ८१-८२ हिंदू, १३-१४ बौद्ध, चारेक मुसलमान, आणि उरलेल्या एकात जैन, ख्रिस्ती, शीख वगैरे सगळे. या आकड्यांवरून गणित केले तर उत्तर साधारण ३१ येते. म्हणजे बसस्थानकावरच्या दोन माणसांचे धर्म वेगळे असण्याची शक्यता शंभरात ३१.

आता याच गणितात एकच बदल करू. बौद्धांचा रकाना पुसून टाकू आणि ती माणसे १९५६ पूर्वी ज्या रकान्यात होती त्या हिंदूंच्या रकान्यात परत घालू. उत्तर येते १०.

हा तिपटीचा फरक कुठून आला? कुणी परगावाहून येऊन वसले नाही. कुणी गाव सोडून गेले नाही. तीच घरे, तीच वस्ती, बहुतेक ठिकाणी गावाच्या त्याच बाजूला. तोच शेजार आणि तीच मजुरी. निर्देशांकाच्या भाषेत मात्र जिल्हा तिपटीने 'विविध' झाला. आमचे आजचे म्हणणे या एका गोष्टीभोवती फिरते. हा आकडा माणसांची विविधता मोजतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो रकान्यांची विविधता मोजतो. रकाना कुणी आखला, त्यात नाव लिहिण्याची किंमत काय होती, आणि लिहून माणसाने काय नाकारले, हे विचारल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही.

दहा वर्षांत बदललेला नकाशा

आकडे जरा मोठ्या पटावर बघू. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते सुमारे अडीच हजार. हजार बरं का, लाख नाही. १९६१ साली झाले जवळजवळ २७ लाख ९० हजार. दहा वर्षांत इतका फरक. लोकसंख्येच्या अभ्यासात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर ही तीन कारणे पहिल्यांदा तपासतात. इथे तिन्ही निरुपयोगी आहेत. कारण एकच, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. दोन दिवसांनी चंद्रपूर. आणि त्यानंतर गावोगावी झालेल्या दीक्षा.

वर्धा नागपूरच्या इतके जवळ, की त्या दिवसांत इथून माणसे रेल्वेने गेली, बैलगाडीने गेली, पायीही गेली. हे आपल्यातल्या कित्येकांच्या घरात सांगितले जाते, त्यावर आम्ही वेळ घेत नाही. आम्हाला पुढचे बोलायचे आहे. या बदलाचे अर्थ लावणारी तीन वाचने आपल्याकडे चालतात. तिन्ही आम्हाला अपुरी वाटतात. एकेक घेऊ.

पहिले वाचन: 'सर्वधर्मसमभावाचा जिल्हा'

हे वाचन आपल्याला सगळ्यात आवडते. वर्धा म्हणजे सेवाग्राम, वर्धा म्हणजे पवनार. आश्रमाच्या प्रार्थनेत अनेक धर्मांची वचने होती. निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३० च्या दशकात गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला. त्याच पंथाचा विश्वशांती स्तूप आज गोपुरीजवळ उभा आहे. पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. हे सगळे खरे आहे, आणि अभिमान वाटावा असेच आहे.

मग अडचण काय? अडचण अशी, की निर्देशांकातल्या ३१ मधले २१ या गोष्टींमुळे आलेले नाहीत. आश्रमातले बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आकडा वाढवला तो गावकुसाबाहेरच्या माणसांनी. आणि त्यांनी तो समभावाच्या भावनेतून वाढवलेला नाही. त्यांनी एक घर सोडले.

१९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळात हे धाडसाचे काम होते, त्याचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण पुढचा हिशेब बघा. १९३५ साली येवल्याला आंबेडकरांनी धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. १९५६ साली तो पुरा झाला. म्हणजे मंदिराचे दार उघडल्यानंतर २८ वर्षांनी, ज्यांच्यासाठी ते उघडले त्यांच्यातल्या फार मोठ्या समाजाने सांगितले, की आम्हाला आत यायचेच नाही. दार उघडणाऱ्याची भलाई आणि बाहेर पडणाऱ्याचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'विविधता' हा गोड शब्द वापरला की दुसरी गोष्ट पहिलीत विरघळून जाते. नकार दिसेनासा होतो आणि उरते फक्त रंगीबेरंगी चित्र.

म्हणून या पहिल्या वाचनावर आमचा आक्षेप आहे. ते खोटे नाही, पण ज्या माणसांमुळे आकडा वाढला त्यांचे श्रेय ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा करते.

दुसरे वाचन: 'सवलतींसाठी'

हे वाचन व्यासपीठावर कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त ऐकू येते. 'अहो, धर्म वगैरे काही नाही, सगळा सवलतींचा मामला.' याला उत्तर द्यायला भावना लागत नाही, तारखा पुरतात.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांची भर पडली. बौद्धांना तो मिळाला १९९० साली. म्हणजे १९५६ पासून १९९० पर्यंत, ३४ वर्षे, 'बौद्ध' असे लिहिणाऱ्याला केंद्राच्या नोकरीतली राखीव जागा मिळत नव्हती. महाराष्ट्र राज्याने आपल्या हद्दीत नवबौद्धांना सवलती दिल्या हे खरे, पण दिल्लीचे दार बंद होते. राखीव मतदारसंघातून निवडणूकही लढवता येत नव्हती.

याचा एक खटला आपल्या शेजारचाच आहे. नागपुरातल्या राखीव मतदारसंघातून १९६२ साली डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. पंजाबराव नावाच्या मतदाराने आव्हान दिले, की हे बौद्ध झालेले आहेत, म्हणून अनुसूचित जातीचे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लग्नाच्या पत्रिकेवर बुद्धाचे चित्र होते, इथपर्यंत पुरावे तपासले गेले. १९६४ साली न्यायालयाने ठरवले, की माणसाने धर्मांतर उघडपणे जाहीर केले आहे, तेव्हा तो बौद्धच. निवड रद्द झाली. विचार करा, एका माणसाची आमदारकी त्याच्या धर्माच्या रकान्याने गेली. याला सवलत म्हणायचे का?

आता आकडे. राज्यात बौद्धांचे प्रमाण १९६१ साली सुमारे ७ टक्के होते. १९८१ ला ६.३ च्या आसपास, १९९१ ला ६.४ च्या आसपास, २००१ ला ६, आणि २०११ ला ५.८. सवलतींसाठीच लोक बौद्ध होत असते, तर १९९० चा कायदा झाल्यावर आकडा उसळायला हवा होता. तो जेमतेम हलला आणि परत उतरला. सगळ्यात मोठी उडी झाली ती नेमकी त्या दशकात, जेव्हा बौद्ध लिहिण्यात निव्वळ तोटा होता.

याची उलटी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचे वाचन एकांगी होईल. तोटा होता म्हणून त्या ३४ वर्षांत कित्येकांनी घरात बुद्ध मानला आणि दाखल्यावर 'हिंदू महार' राहू दिले. शाळेच्या रजिस्टरात एक, भिंतीवरच्या तसबिरीत दुसरे. सवलतीचा परिणाम झालाच, पण उलट दिशेने: बौद्धांचा आकडा फुगला नाही, दबला. किती दबला, हे जनगणनेच्या तक्त्यात कुठेही दिसत नाही. तीच गोष्ट ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांची. त्यांना तो दर्जा आजही नाही. मग जिल्ह्यात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत हे वाचताना आपण काय वाचतो? श्रद्धा, की कायद्याचा दाब?

तिसरे वाचन: 'मुळात सगळे एकच'

तिसरे वाचन जरा जास्त मोहक आहे. ते म्हणते, हे रकाने इंग्रजांनी आखले, आपला समाज मुळात सरमिसळीचा. त्याला आपल्याच जिल्ह्यात चांगली उदाहरणे सापडतात. समुद्रपूर तालुक्यातले गिरड घ्या. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. टेकडीवर सुपारीसारखे गोल दगड मिळतात. कुणा व्यापाऱ्याचा माल बाबांच्या वाणीने दगड झाला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे विचारायचे कुणाला सुचत नाही.

आर्वीचे उदाहरण तर याहून बोलके. गाव वसवणारे तेलंगराव. जुन्या इंग्रजी गॅझेटियरने नोंद करून ठेवली आहे, की हिंदू त्यांना ब्राह्मण म्हणतात, मुसलमान त्यांना आपला वली म्हणतात, आणि समाधीला दोघेही जातात. आता जनगणनेचा प्रगणक तेलंगरावांच्या दारात उभा राहिला असता तर त्याने कोणता रकाना भरला असता?

हे उदाहरण आम्हालाही आवडते. निर्देशांकाचा एक खरा दोष ते दाखवते. निर्देशांक धरून चालतो, की प्रत्येक माणूस एका वेळी एकाच पेटीत असतो. गिरडच्या टेकडीवर चढणारा माणूस तसा नसतो. शिवाय पेटीच्या आत काय आहे हेही आकडा सांगत नाही. हिंदूंच्या एका रकान्यात वारकरी आले, महानुभाव आले, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारे आले, शेगावच्या वारीला जाणारे आले. बौद्धांच्या एका रकान्यात गोपुरीच्या स्तूपाशी ढोल वाजवणारा जपानी परंपरेचा भिक्खू आला, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेला हिंगणघाटचा कामगारही आला. दोघांचा बुद्ध एक, पण बुद्धाकडे पोचण्याचा रस्ता अगदी निराळा.

इथपर्यंत ठीक. पण 'मुळात सगळे एकच' म्हणणारे एक प्रश्न टाळतात. दर्ग्यावर एकत्र जाणारी माणसे परत गावात आल्यावर एकाच विहिरीवर पाणी भरत होती का? सरमिसळ टेकडीवर होती, पाणवठ्यावर नव्हती. ज्यांना पाणवठा बंद होता त्यांना वेगळ्या रकान्याची गरज का वाटली, ते इथे कळते. त्यांच्यासाठी रकाना ही इंग्रजांची खोडी नव्हती. ती एक जागा होती, उभे राहायला.

रकाना आखतो कोण?

तरीही रकाना आखणाऱ्याचा इतिहास पाहिलाच पाहिजे, कारण तो आपल्या प्रांतात फार स्पष्ट दिसतो.

१९११ च्या जनगणनेआधी जनगणना आयुक्त गेट यांनी प्रांतोप्रांती एक प्रश्नावली पाठवली. हिंदू म्हणून नोंदलेल्या जातीजमातींपैकी खरोखर हिंदू कुणाला म्हणायचे, यासाठी दहाएक कसोट्या दिल्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानतात का, वेद मानतात का, मोठ्या देवांची पूजा करतात का, देवळात प्रवेश आहे का, वगैरे. त्यामागे राजकारण होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांना हिंदूंत मोजू नये, ही मुस्लिम लीगची मागणी होती. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात. या प्रांताचे उत्तर काय आले? हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी चौथा हिस्सा ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानत नाही. चौथा हिस्सा मोठ्या देवांची पूजा करत नाही. आणि तिसऱ्या हिश्श्याला देवळात प्रवेश नाही.

जरा थांबून विचार करा. रकाना एक, आणि त्यातल्या तिघांपैकी एकाला देवळाच्या पायरीवरून परत पाठवले जाते. निर्देशांक या प्रांताला 'एकजिनसी' म्हणाला असता.

आदिवासींचे तर रकान्याशी कायमचेच भांडण. जिल्ह्यात दर शंभरात अकरा-बारा माणसे अनुसूचित जमातींची, त्यांत गोंड आहेत, कोलाम आहेत. इंग्रजांच्या काळात त्यांच्यातल्या पुष्कळांना 'जडप्राणवादी' असे काहीतरी नाव देऊन वेगळे मोजत. स्वातंत्र्यानंतर तो रकाना गेला. आता सहा धर्मांना ठरलेले क्रमांक आहेत: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकीच्यांनी नाव लिहायचे, ते 'इतर धर्म व पंथ' यात जमा होते. २०११ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक एक कोटीच्या वर होते आणि 'इतर धर्म व पंथ' यात सगळे मिळून एक लाख ७९ हजार. याचा अर्थ पेनठाण्यात पूजा करणारी, बडादेव मानणारी जवळजवळ सगळी माणसे हिंदूंच्या रकान्यात मोजली गेली. काहींनी स्वतः तसे सांगितले असेल, काहींना विचारलेही गेले नसेल. आज कोया पुनेम, गोंडी धर्म यांच्यासाठी वेगळ्या रकान्याची मागणी होते ती यातून. ती मागणी मान्य झाली, तर एका रात्रीत गडचिरोलीचा निर्देशांक वर्ध्याला मागे टाकील, आणि तिथेही एकही माणूस जागचा हललेला नसेल.

वर्धा आणि कोल्हापूर

आता प्रादेशिक फरकाकडे येऊ. विदर्भात आणि मराठवाड्याच्या काही भागांत बौद्धांचे प्रमाण मोठे, पश्चिम महाराष्ट्रात ते एकदम खाली जाते. आम्ही मुद्दाम कोल्हापूर निवडतो. २०११ साली अनुसूचित जातींचे प्रमाण वर्ध्यात शंभरात चौदा-पंधरा, कोल्हापुरात तेरा. जवळपास सारखेच. पण बौद्ध? वर्ध्यात तेरा-चौदा, कोल्हापुरात एकाच्या आसपास. समाज जवळपास तेवढाच, रकाना मात्र वेगळा भरलेला.

याचे एक सरधोपट कारण सांगतात ते वतनाचे. मुंबई इलाख्यात महार वतनाने गावाशी बांधलेला. वतन गेले तर जमिनीचा तुकडा जाणार, म्हणून तो बिचकला. मध्य प्रांतात तसे वतन नव्हते. इथले महार जाडेभरडे कापड विणणारे, मजुरी करणारे, काही थोडी शेती-व्यापार करणारे. गिरण्यांनी हातमाग बुडवला, पण नागपूर, हिंगणघाट, पुलगावच्या गिरण्यांतच नवी मजुरी मिळाली, संघटनाही मिळाली. आंबेडकरांच्या आधी किसन फागोजी बनसोडे यांच्यासारख्यांनी नागपूर भागात शाळा, छापखाने, वर्तमानपत्रे चालवली होती. जमीन नांगरून तयार होती.

कारण पटण्यासारखे आहे. पण कोल्हापूरला ते लागू पडत नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन १९१८ सालीच बंद केले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली ती त्यांच्याच संस्थानात, आणि आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनाची ती पहिल्या पायऱ्यांपैकी एक. म्हणजे वतनही नव्हते आणि चळवळही दूरची नव्हती. तरी रकाना हिंदूच राहिला. अंतर? नागपूर कोल्हापूरला फार लांब, हे खरे. पण मुंबई लांब नव्हती. पोटजातींचे प्रमाण दोन्हीकडे सारखे नाही, हेही धरायला हवे. अनुसूचित जातींत मातंग, चर्मकार येतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी धर्मांतर केले नाही. आणि 'घरात बुद्ध, दाखल्यावर हिंदू' हा प्रकार कुठे किती, हे तर मोजलेलेच नाही.

सांगायचे ते एवढेच, की नकाशावर दोन जिल्हे वेगवेगळ्या रंगात दिसले म्हणजे दोन वेगवेगळे समाज आहेत असे होत नाही. कधी कधी तोच समाज दोन वेगवेगळ्या परिस्थितींत दोन वेगवेगळी उत्तरे देतो.

रकाना कोरा ठेवणारा देश

आता थोडे लांब जाऊ, कारण उलटे उदाहरण पाहिले की आपले नीट कळते. चेक प्रजासत्ताक हा देश १९८९ पर्यंत कम्युनिस्ट राजवटीत होता. तिथल्या जनगणनेत १९५० नंतर चाळीसएक वर्षे धर्म विचारलाच नाही. १९९१ साली परत विचारला, तेव्हा शंभरात ४४ लोकांनी आपण धर्म मानतो असे सांगितले. दहा वर्षांनी ते ३२ वर आले. २०११ साली प्रश्नाचे उत्तर देणे ऐच्छिक होते, आणि शंभरातल्या सुमारे ४५ जणांनी रकाना कोराच ठेवला. वर पंधरा हजारांनी एका गाजलेल्या सिनेमातल्या योद्ध्यांचा 'जेडाय' पंथ आपला धर्म म्हणून लिहिला.

त्या देशातही प्रदेशाप्रदेशांत फरक आहे. पूर्वेकडच्या मोराव्हियात चर्च अजून जोरात, उत्तर बोहेमियात अगदी क्षीण. तिथे कारण वेगळे. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमाभागातली जर्मन भाषक माणसे लाखोंच्या संख्येने हाकलली गेली आणि नवी माणसे आणून वसवली. गावे राहिली, चर्चच्या इमारती राहिल्या, त्यांत जाणारी माणसे बदलली. म्हणजे तिकडे माणसे बदलली म्हणून नकाशा बदलला. आपल्याकडे माणसे तीच राहिली आणि त्यांनी नाव बदलले म्हणून नकाशा बदलला. निर्देशांकाला हा फरक दिसत नाही.

आणि कोरा रकाना? भारतात २०११ साली धर्म न सांगणारे होते हजारी दोन-तीन. तिकडे शंभरी पंचेचाळीस. चेक माणसाला रकाना कोरा ठेवून चालते, कारण त्याच्या शाळेचे, नोकरीचे, घराचे त्यावर काही अडत नाही. आपल्याकडे कोरा ठेवणे परवडत नाही. आपल्याकडे रकान्याला जात चिकटलेली आहे, जातीला दाखला, दाखल्याला शिष्यवृत्ती. मग दोन देशांतले आकडे एकाच पट्टीवर ठेवून कुठला देश जास्त 'विविध' हे सांगण्यात काय अर्थ आहे?

मग करायचे काय?

कुणी विचारील, की आकडा फेकूनच द्यायचा का? नाही. आकड्याशिवाय १९५१ ते १९६१ ची उडी आपल्याला दिसलीच नसती. टपरीवरच्या त्या सवलतवाल्या युक्तिवादाला उत्तरही देता आले नसते. आमचे म्हणणे एवढेच, की आकडा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते.

तपासणीचे प्रश्न तीन. रकाना कुणी आखला आणि कोणता रकाना आखलाच नाही? त्यात नाव लिहिण्याने त्या काळी त्या माणसाचे काय जात होते आणि काय येत होते? आणि रकाने वेगळे झाल्यावर माणसांचे एकमेकांशी वागणे बदलले का? हा तिसरा प्रश्न निर्देशांक कधीच विचारत नाही. बसस्थानकावर हात धरलेली दोन माणसे वेगळ्या धर्मांची निघाली, हे त्याला पुरते. ती एकमेकांच्या घरी जेवतात का, एकमेकांच्या वस्तीत भाड्याने खोली मिळते का, पोरापोरींनी लग्न ठरवले तर काय होते, हे आकड्याच्या बाहेरच राहते.

आणि हे नुसते वर्गातले बोलणे नाही. पुढची जनगणना २०२७ ची आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस ठरला आहे, आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. प्रगणक आपल्या दारात येईल तेव्हा दोन प्रश्न एकामागोमाग विचारील, धर्म कोणता आणि जात कोणती. वर्ध्यातल्या बौद्ध घरात त्या दोन प्रश्नांची गाठ अवघड आहे. धर्म बौद्ध म्हटला, तर ज्या जातीतून बाहेर पडलो तिचे नाव पुन्हा तोंडाने घ्यायचे का? नाही घेतले तर पोराच्या दाखल्याचे काय? घेतले तर आजोबांनी नागपूरला जे सोडले, ते आपण परत उचलतोय का? यावर घराघरांत वाद चालू आहेत, आणि ते खरे वाद आहेत. गोंड घरातही प्रश्न आहे: सहा नावांपैकी एक सांगायचे, की आपले नाव पूर्ण लिहून घ्यायला लावायचे?

या घरांना काय लिहा हे आम्ही इथून सांगणार नाही. तो त्यांचा अधिकार आहे. पण दोन गोष्टी नक्की सांगू. पहिली, प्रगणकाला आपल्या मनाने रकाना भरू देऊ नका. तो घाईत असतो. आडनाव ऐकून, वस्ती बघून अंदाजाने लिहिण्याचा मोह त्याला होतो. त्याने काय लिहिले ते विचारा, वाचून घ्या. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या व्याख्याने ऐकणाऱ्यांसाठी. आकडे बाहेर आले, की वर्तमानपत्रे मथळे देतील: अमुक धर्म वाढला, तमुक घटला, अमका जिल्हा सगळ्यात विविध. त्या दिवशी मथळा पुढे ढकलण्याआधी हे तीन प्रश्न एकदा विचारा.

१९५६ साली इथली माणसे नागपूरला गेली ती जिल्ह्याची विविधता वाढवायला गेली नव्हती. माणूस म्हणून मोजले जावे, म्हणून गेली होती. त्यांची मोजणी आपण निदान नीट वाचू.

एवढे बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.